वर्गातील एक संगणक आणि मागे राहणारे मूल

इयत्ता पहिलीच्या वर्गात एका वयाची बालके एकत्र बसतात. परंतु त्यांची शिकण्याची वाट एक नसते. एकास फळ्यावरील अक्षर अंधुक दिसते. दुसऱ्यास गुरुजींचा शब्द नीट ऐकू येत नाही. तिसऱ्याच्या घरी कोरकू बोलली जाते आणि पाठ्यपुस्तक असते मराठी. चौथ्याच्या बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ नसते. या चौघांसही पुष्कळदा ‘मठ्ठ’ हा एकच शब्द लावला जातो, आणि एकदा चिकटलेला तो शब्द सहसा सुटत नाही.

वर्गात संगणक एकच असला, तर ‘ज्याचे काम आधी होईल त्यास तो मिळेल’ असा नियम सहज पडतो. मग ज्यास साधनाची गरज सर्वांत कमी, त्याच्याच वाट्यास ते अधिक येते. हा क्रम उलटा करणे, हे शिक्षकाचे पहिले काम होय.

(१) मंद दृष्टी : ब्राउझरमध्ये पान उघडून कंट्रोलची कळ दाबून धरावी व अधिक चिन्हाची कळ दाबावी, अक्षरे मोठी होतात. ‘घ’ आणि ‘ध’ यांत घोटाळा करणारे मूल ती मोठी अक्षरे बिनचूक ओळखू लागले, तर उणीव बुद्धीची नसून नजरेची असण्याचा संभव आहे. निदान मात्र शिक्षकाने करू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून मुलाची तपासणी करवून घ्यावी.

(२) मंद श्रवण : अशा मुलास चित्र व त्याखाली शब्द दाखवावा. शब्द उच्चारताना शिक्षकाचा चेहरा मुलाच्या समोर असावा.

(३) घरची निराळी भाषा : पाणी, चूल, शेळी यांची चित्रे घ्यावीत. मुलाच्या आईस किंवा आजीस शाळेत बोलावून त्यांचे शब्द ध्वनिमुद्रित करावेत. चित्राबरोबर प्रथम घरचा शब्द व मागाहून मराठी शब्द ऐकवावा. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही म्हटले आहे.

(४) हातांची दुर्बलता : इनस्क्रिप्ट पद्धतीत ‘ख’ उमटविण्यास शिफ्ट व ‘क’ या कळा एकदम दाबाव्या लागतात. विंडोज प्रणालीत शिफ्टची कळ लागोपाठ ५ वेळा दाबली असता ‘स्टिकी कीज’ ही सोय सुरू करण्याविषयी विचारणा होते. ती स्वीकारल्यावर त्याच कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतात.

संगणकापुढे मुलांस जोडीने व थोडाच वेळ बसवावे. २ ते ४ वर्षांच्या बालकांस पडद्यापुढे बसण्याचा वेळ दिवसाकाठी १ तासाहून अधिक नसावा, कमी असल्यास उत्तमच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले आहे. चिंचोके, पाटी व अंगणातील खेळ यांची जागा यंत्राने घेऊ नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद असून, मुलांतील अध्ययन-अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळांवर आहे. शंभर वेळा तोच शब्द उच्चारूनही यंत्र कंटाळत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु मूल नेमके कोठे अडले, हे जवळ बसून पाहणाऱ्या शिक्षकासच उमगते. म्हणून कोणत्याही बालकास ‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी, त्यास दुसऱ्या वाटेने तोच धडा एकदा तरी देऊन पाहावा.