टाच वळवण्याआधी

मालवण,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

31 मार्चला बँकेतल्या खुर्चीवरून उठायचं आणि 1 एप्रिलला मोज्याचे टाके घालायला बसायचं, हा तुझा बेत फोनवर ऐकला आणि मावशीला आधी हसूच आलं. मालवणात मोजे घालतं कोण? दांडीच्या किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसणाऱ्या शेजारच्या आजोबांच्या कानावर घातलं, तर तेही म्हणाले, ‘‘हंय थंडी खंय? मोजे कित्याक व्हये?’’ त्यात तू सहा रंगांची लोकर आणि बांबूच्या सुयांचे तीन संच आधीच मागवलेस म्हणे. चौतीस वर्षं लोकांना कर्ज देताना ऐपत विचारणारी बाई ती हीच का, असा प्रश्न मावशीला पडला.

तरी बेत मोडू नकोस. फक्त मालवणला आल्या आल्या चार दिवस त्या आजोबांपाशी बस.

आजोबांनी रापणीचं जाळं ओढणं सोडलं त्याला बारा वर्षं झाली. गुडघे आता पाण्यात उभं राहू देत नाहीत. मुलगा होडी घेऊन जातो आणि हे माडाच्या सावलीत जाळं पसरून बसतात. एक टोक पायाच्या अंगठ्यात, उजव्या हातात दोरा भरलेली चपटी सुई. फाटकं जाळं पुढ्यात आलं की ते लगेच शिवायला घेत नाहीत. आधी सुरीने कडा कापून भोक आणखी मोठं करतात! पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा कामातून गेला. पण अर्धवट तुटलेल्या, झिजलेल्या घराला नवी गाठ मारली तर ती पहिल्याच ओढीला सुटते. म्हणून धड घर लागेपर्यंत कापायचं आणि मग बोटांवर माप घेत, एकेक गाठ आवळत खाली उतरायचं. संध्याकाळी जाळं झटकलं की नवं कुठलं, जुनं कुठलं, ते फक्त दोऱ्याच्या रंगावरून कळतं.

मोजा आणि जाळं तशी लांबची भावंडंच आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत; इसवी सन 250 ते 420 या काळातले. ते दोन सुयांवर विणलेले नाहीत. नेढं असलेल्या एकाच सुईने धागा ओवत ओवत घडवलेले आहेत, जाळ्याच्या सुईची आठवण व्हावी असे. चपलेत घालता यावेत म्हणून त्यांचा अंगठाही वेगळा ठेवलेला. पुढे या भावंडांची भेट झाली ती नायलॉनच्या धाग्यावर. 15 मे 1940 रोजी अमेरिकेतल्या दुकानांत नायलॉनचे स्त्रियांचे लांब मोजे आले आणि त्यांवर झुंबड उडाली. काही वर्षांनी तोच धागा जाळ्यांत शिरला. त्याआधी सुती जाळं न कुजता टिकावं म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावं लागे, पुन्हा पुन्हा वाळवावं लागे. नायलॉनने ते कष्ट संपवले.

आता तुझ्या मोज्याकडे. मोठ्या माणसाच्या पावलाला बारीक लोकरीचे साधारण 64 टाके लागतात. ते चार सुयांवर 16-16 वाटायचे आणि पाचव्या सुईने विणायचं. घोट्यापर्यंत काम गोल गोल, गप्पा मारत होतं. खरी परीक्षा टाचेशी. 64 पैकी 32 टाके बाजूला थांबवायचे आणि उरलेल्या 32 वर सपाट पट्टी विणायची. मग ओळ पुरी न करता मध्येच परतायचं; पुढच्या खेपेला थोडं पुढे जाऊन परतायचं, आणि दर परतीला दोन टाके जोडून एक करायचा. बघता बघता सपाट पट्टीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलले की पाऊल सुरू.

इथे तू चुकशील. चुकलं की उसव. जाळ्यातली आवळलेली गाठ सोडवत बसण्यापेक्षा कापणं बरं, पण मोज्याचा धागा ओढला की ओळीच्या ओळी सुटतात आणि तीच लोकर पुन्हा सुईवर चढते. बँकेत चुकीची नोंद पुसता येत नाही, उलट नोंद करावी लागते आणि वर खुलासा द्यावा लागतो. इथे खुलासा मागणारं कोणी नाही. मावशीचं सांगणं एवढंच, की शाखाधिकारी म्हणून शिकायला बसू नकोस, शिकाऊ म्हणून बस.

आपल्या जिल्ह्यात तर खुद्द राजघराणं असं बसलं. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी 12, म्हणजे 120 पत्ते. चिंचोक्याच्या खळीने तयार करून वर लाखेचा हात दिलेले. ही कला जवळजवळ संपली होती, पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर काय ते उरले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडे शिकले, मग राजवाड्यातच इतरांना शिकवण्याची सोय केली. आजही तिथल्या दरबारात कारागीर मान खाली घालून रंगवत बसलेले दिसतात. कुडाळमार्गे एक दिवस जाऊन ये.

विणकामाने मन शांत होतं, असंही तुला कोणी ऐकवेल. 2013 साली ब्रिटनमधल्या एका नियतकालिकात 3,545 विणणाऱ्यांची पाहणी छापून आली होती. जास्त वेळा विणणारे स्वतःला अधिक शांत आणि आनंदी सांगत होते. पण उत्तरं देणारे सगळे विणकामाचे भक्तच, तेव्हा ते औषध समजू नकोस. अर्ध्या तासाने उठ, मनगट मोकळं कर, आणि काळी लोकर रात्रीच्या दिव्यात मुळीच घेऊ नकोस.

विकायचा विचारही इतक्यात नको. एका जोडीला वीसेक तास सहज जातात. तासांचा हिशेब मांडलास तर गिऱ्हाईक पळेल, न मांडलास तर तुझाच जीव जळेल.

शिवाय धुण्याचं शास्त्र आधी शीक. मावशीची पहिली जोडी नातवासाठी जर्मनीला गेली आणि तिथे कोणीतरी ती मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकून बसतात. परत फोटो आला तो बाहुलीला होतील अशा मोज्यांचा. नायलॉन मिसळलेली, मशीनला चालणारी लोकर मिळते, ती घे. आपल्याकडच्या दमट हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

येताना लेकीचं पाऊल कागदावर आखून आण. पुण्याच्या थंडीत तिला मोजे लागतील. दोन्ही मोजे एकदमच सुईवर चढव, नाहीतर एक झाला की दुसरा राहतोच. आणि सहा रंगांतले पाच परत करता आले तर बघ. पावती जपून ठेवली असशीलच.

तुझी,
मावशी