दुखणं थांबलं, खांदा अजून बरा व्हायचाय

अगं मने, खांदा बसला, दुखणं ओसरलं आणि लगेच विचारतेस, ‘ताई, जिल्हा स्पर्धेला खेळू ना?’ नाही. रुसू नकोस, आधी ऐक.

कबड्डीच्या पकडीत तुझा हात वर आणि मागे ओढला गेला, तेव्हा दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून पुढे सटकला. बहुतेक खांदे पुढेच निखळतात. ही खोबण मुळातच उथळ. गोळ्याला धरून ठेवतं ते तिच्या कडेचं कूर्चेचं कडं, आणि सटकताना बहुधा तेच फाटतं. डॉक्टरांनी गोळा जागेवर बसवला, पण फाटलेलं कडं त्यामुळे सांधलं जात नाही. विशीच्या आत खांदा निखळलेल्या खेळाडूंपैकी निम्म्याहून जास्त जणांचा तो पुन्हा निखळतो. तू १९ ची आहेस, म्हणून तर माझा जीव टांगणीला लागलाय.

मैदानावर कुणालाही हात ओढू दिला नाहीस, ते फार बरं केलंस. एखादं हाड मोडलेलं असतं आणि वर हिसका बसला असता तर? काखेजवळची नसही दुखावू शकते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतंय का, बोटं फिरवून बघत जा. वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग.

झोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण एक ते तीन आठवडे. बोटं, मनगट मात्र हलवत राहा. कुर्ता घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना सगळ्यात शेवटी. ब्रा पुढच्या हुकची घे. काख धुताना कमरेतून वाक आणि हात नुसता लोंबू दे. आणि केस! वेणी घालताना दंड वर करून हात डोक्यामागे नेतेस ना, नेमक्या त्याच अवस्थेत खांदा पुढे सटकतो. तेव्हा सध्या वेणी आईकडून घालून घे, लाजायचं काय त्यात?

नंतर फिजिओ. आधी हालचाल मोकळी करायची, मग रबर बँड घेऊन खांद्याभोवतीचे आणि वरच्या पाठीचे स्नायू बळकट करायचे. कंटाळवाणं आहे, म्हणून बऱ्याच मुली इथेच सोडतात आणि मला त्याचीच भीती वाटते. दोन्ही खांद्यांची ताकद सारखी झाल्याशिवाय पकडीला जायचं नाही. त्याला महिने लागतात.

ऑपरेशनचं नाव काढलं की आई घाबरते, पण तू पहिल्याच भेटीत विचार. एमआरआय लागेल का, तेही विचार. दुर्बिणीतून ते कडं परत हाडाला टाचतात, त्याला बँकार्ट म्हणतात. खोबणीची कड जास्त झिजली असेल तर जवळच्याच हाडाचा तुकडा तिथे स्क्रूने बसवतात, ते लाटार्जे. कबड्डीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात, तुझ्या वयात, पहिल्याच वेळी ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर आहेत. त्यांना लगेच लुटारू ठरवू नका. ऑपरेशननंतरही खेळता येतं: क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला क्षेत्ररक्षण करताना दुखावला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, सप्टेंबरमध्ये तो आयपीएल खेळत होता.

डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर. एक्स-रे आठवणीने घे, बसवण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही. सरांशी स्पर्धेचं मी बोलते.