कोऱ्या चिंधीवर ओळखा स्टार्च आणि सेल्युलोज

स्टार्च, सेल्युलोज, विकर हे शब्द मुलं पाठ करून पेपरात उतरवतात. भिवंडीच्या मुलांवर तरी ही वेळ येऊ नये. तिथल्या यंत्रमागांवरून उतरलेल्या सुती कापडाच्या एका चिंधीवर हे सगळं घरच्या घरी तपासता येतं.

मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा फणीत सारखा घासला जातो. तो तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात. सुती धाग्याची खळ बरेचदा स्टार्चची असते आणि धागा स्वतः सेल्युलोजचा. दोन्ही साखळ्या ग्लुकोजच्याच, फरक फक्त जोडणीचा. स्टार्चची साखळी जोडणीमुळेच वळत जाते. सेल्युलोजमध्ये मात्र प्रत्येक पुढचं ग्लुकोज उलटं बसतं, त्यामुळे साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात. एक साखळी आपलं अन्न झाली, दुसरी कापड, ती एवढ्यावरून.

न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड मिळवा. भिवंडीत पॉलिएस्टरही भरपूर विणलं जातं, म्हणून आधी पारख करा. मोठ्या माणसाला सोबत घेऊन एक धागा चिमट्यात धरा आणि जाळा. सूत असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो.

आता चिंधीवर पाण्याचा थेंब सोडा. तो सहसा वरच बसून राहतो, कारण कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं. हा मेदवर्गातला पदार्थ, पाण्याला दूर ठेवणारा. म्हणून चिंधी क्षणभर गरम पाण्यात बुडवून काढा आणि पूर्ण गार होऊ द्या.

औषधाच्या दुकानातून पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण आणा, मलम नको. पाणी घालून ते कोऱ्या चहाच्या रंगाचं करा आणि एक थेंब चिंधीवर टाका. भिंग असेल तर लगेच लावा. खळ दिलेले ताण्याचे धागे निळे-काळे होतात, बाण्याचे, म्हणजे आडवे, त्या मानाने फिके राहतात, कारण खळ फक्त ताण्याला असते. स्टार्चच्या वेटोळ्यात आयोडीन शिरून बसलं की हा रंग येतो. रंग आला नाही, तर खळ दुसऱ्या पदार्थाची असेल. दुसरी चिंधी घ्या.

पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा, विकराचा. भाताची पातळ पेज कोमट करून तीन वाट्यांत थोडी थोडी घ्या. पहिलीत साधं पाणी घाला, दुसरीत स्वतःची चमचाभर लाळ, तिसरीत उकळून गार केलेली लाळ. दर काही मिनिटांनी प्रत्येकीतला थेंब बशीत काढून गार झाल्यावर त्यावर आयोडीन टाका. आयोडीन वाटीत ओतू नका. गरम पेजेवरही ही चाचणी करू नका, कारण उष्णतेने निळा रंग तात्पुरता जातो. दुसऱ्या वाटीतल्या थेंबांचा रंग हळूहळू फिका पडत पिवळट होतो. लाळेतलं अमायलेज हे विकर म्हणजे नेमकी घडी असलेलं प्रथिन; त्या घडीतच स्टार्चची साखळी तुटते. उकळल्यावर घडी मोडते, म्हणून तिसऱ्या वाटीतला थेंब निळाच होतो. लिंबू पिळूनही निळा रंग उडेल, पण फसू नका: तिथे क जीवनसत्त्व आयोडीनवर क्रिया करतं, स्टार्च तसाच असतो.

आता चिंधीचा नवा तुकडा असाच गरम पाण्यातून काढून, गार करून, लाळ मिसळलेल्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, धुवा आणि तपासा. निळेपणा बराच कमी होतो, कापड मात्र जसंच्या तसं. अमायलेजला सेल्युलोजची उलटसुलट जोडणी तोडता येत नाही. फ्रान्सच्या आन्सेल्म पायेन यांनी पेर्सो यांच्यासोबत १८३३ मध्ये स्टार्च फोडणारं विकर वेगळं काढलं आणि १८३८ मध्ये पायेन यांनीच सेल्युलोज वेगळं केलं.

प्रोसेस हाउसमध्ये रंगाईआधी खळ काढायला अमायलेजच वापरतात, बहुधा जिवाणूंपासून मिळवलेलं. आम्लानेही खळ निघते, पण आम्ल दोन्ही जोडण्या तोडतं. प्रमाण किंवा वेळ चुकली तर खळीबरोबर धागाही कमजोर होतो.