रक्त का वाढत नाही? ठिपक्यांचा आलेख काढून पाहा

रक्त वाढले नाही की आरोप ठरलेला: "ही गोळ्या घेतच नाही." वस्त्यांत काम करताना आम्ही हे फार ऐकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. त्या सगळ्याच निष्काळजी कशा असतील? आरोपात तथ्य किती, हे महिला मंडळाला चौकटीच्या कागदावर तपासता येते.

गरोदर नसलेल्या ज्या भगिनींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांची तपासणी सुरुवातीला आणि ९० दिवसांनी करावी. (८ च्या खाली असेल तर आलेखासाठी थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.) आडव्या रेषेवर गोळी घेतल्याचे दिवस, उभ्या रेषेवर हिमोग्लोबिन किती वाढले ते. एका भगिनीचा एक ठिपका. नाव नको, क्रमांक लिहावा. कोणाचे रक्त किती, ही गल्लीत बोलायची गोष्ट नव्हे.

वीसेक ठिपके झाले की काळा दोरा ताणून त्यांच्या गर्दीमधून असा धरावा की साधारण निम्मे वर, निम्मे खाली राहतील. ही सर्वांत जुळणारी रेषा. ती उजवीकडे चढत गेली तर दोन्ही गोष्टी सोबत वाढतात, म्हणजे सहसंबंध आहे. ठिपके रेषेला बिलगलेले असतील तर तो घट्ट, विखुरलेले असतील तर सैल. मात्र गोळीनेच रक्त वाढले, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. नेमाने गोळी घेणारीच्या घरी डाळ-भाजीही रोज शिजत असेल.

आम्हाला रेषेपेक्षा तिच्या खाली दूर पडलेला ठिपका महत्त्वाचा वाटतो. समजा ८५ दिवस गोळी घेतली, तरी रक्त जागेवरच. ती खोटे बोलते असे धरू नये. गोळी चहाबरोबर घेते का, पाळीत अंगावरून फार जाते का, जंत आहेत का, हे विचारावे. विदर्भातल्या आपल्या घरांनी तर सिकलसेलची तपासणी करावीच. आपल्या समाजात आणि आदिवासींत तो जास्त आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची १० ते २० दिवसांतच फुटते. ही तूट लोहाच्या गोळीने भरून येत नाही. सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावे. रुग्ण की वाहक, हे त्यातच कळते.

अशा भगिनीला एकटी पाठवू नये. आशाताईंना सोबत घेऊन, तो कागद हातात धरूनच आरोग्य केंद्रात जावे.