दोन बाण दिसले, की थांबावे

प्रश्न : वय ६२. व्हॉट्सअ‍ॅप वापरताना चूक होईल म्हणून हात आखडतो. काय करावे?

उत्तर : भीती रास्त आहे. आधी सेटिंग्जमधील ‘अकाउंट’मध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन ठेवावा. ओटीपी ओळखीच्या नावाने मागितला तरी देऊ नये.

खरी जबाबदारी फॉरवर्डची.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराधांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून आलेला असतो. पडताळल्याशिवाय पुढे ढकलू नये.

आर्थिक फसवणूक झालीच, तर न लाजता तातडीने १९३० वर फोन करावा.