मामंजींच्या आठवणी

प्रश्न : माझे सासरे गेल्या माघात निवर्तले. वर्षश्राद्धापूर्वी त्यांच्या आठवणी लिहाव्यात असे वाटते; पण तो अधिकार सुनेचा आहे काय? आरंभ कोठून करावा?
— एक भगिनी, संगमनेर

उत्तर : अधिकाराची शंका मनातून काढून टाका. न्यायमूर्ती रानड्यांच्या पश्चात रमाबाईंनी १९१० साली ज्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांत पतीच्या चरित्राबरोबरच, मुलाने विधवाविवाह करू नये या धास्तीने १८७३ साली त्याचे लग्न अल्पवयीन रमाबाईंशी लावून देणारे करारी सासरेही आपल्यापुढे उभे राहतात, आणि ते एका सुनेच्याच लेखणीतून.

जन्ममृत्यूच्या नोंदी दप्तरात राहतील, सातबारावर वारसांची नावे चढतील; परंतु सासरी आलेल्या नवख्या मुलीला मामंजींनी पहिल्यांदा कोणत्या नावाने हाक मारली, प्रवरेला पूर आला की ते कोठे जाऊन उभे राहत, रागावले म्हणजे किती वेळ अबोला धरीत, हे कोणताही तलाठी लिहून ठेवणार नाही, म्हणून आरंभ तेथूनच करावा. त्यांचा रागही गाळू नका. निर्दोष माणूस घरच्यांनाच ओळखू येत नाही. त्यांची कीर्द, रोजनिशी, पोस्टकार्डे रद्दीत जाऊ देऊ नयेत, आणि त्यांचे समवयस्क स्नेही हयात आहेत तोवर, ही निकड मला सर्वांत मोठी वाटते, त्यांच्याकडे स्वतः जाऊन विचारावे.

पितृपंधरवड्यात सारे घर जमेल, तेव्हा लिहिलेले मोठ्याने वाचा आणि नणंदा-दिरांच्या दुरुस्त्या समासात त्यांच्या नावानिशी टिपून घ्या.