आफ्रिकेचे संदेश आफ्रिकेतूनच

नैरोबीतील एका कार्यालयाने रस्त्यापलीकडील कार्यालयास संगणकावरून पत्र पाठविले आणि दोघांच्या सेवा-कंपन्या वेगळ्या असल्या, तर सन २००० पर्यंत ते पत्र उपग्रहामार्गे परदेशी जाऊन मग शेजारी पोहोचत असे. एकाच गल्लीतील टपालाची छाननी लंडनमध्ये व्हावी, तसा हा प्रकार! या हेलपाट्याचा खर्च अर्थातच ग्राहकाच्या माथी पडे.

यावरील उपाय साधा होता. निरनिराळ्या कंपन्यांच्या तारा एका जागी आणून परस्परांस जोडल्या, की देशातील संदेश देशातच फिरतो. अशा जागेस इंटरनेट विनिमय केंद्र म्हणतात. केनियातील कंपन्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये नैरोबीत असे केंद्र उघडले. परंतु दूरसंचाराचा मक्ता असलेल्या सरकारी कंपनीने हरकत घेतली आणि नियामक मंडळाने ते लागलीच बंद करविले. रीतसर परवाना मिळून काम पुन्हा सुरू होण्यास फेब्रुवारी २००२ उजाडले. यंत्रसामग्री सज्ज असताना केवळ परवानगीअभावी सव्वा वर्ष गेले, हे प्रशासनातील वाचकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. इंटरनेट सोसायटीच्या २०२० मधील अभ्यासानुसार, केनियातील देशांतर्गत संदेशवहनाचे प्रमाण २०१२ मध्ये सुमारे ३० टक्के होते. ते ७० टक्क्यांपर्यंत वाढले.

दरम्यान जुलै २००९ मध्ये 'सीकॉम' ही समुद्रतळावरील केबल सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया व केनिया हे देश तिने युरोपशी, तसेच आपल्या मुंबईशी जोडले. तोवर केनियाची सारी भिस्त उपग्रहांवर होती.

तथापि तारा टाकणारे परके आणि त्या सांभाळणारेही परकेच, अशी स्थिती टिकाऊ नव्हे. घानाचे प्राध्यापक नी क्वेनॉर यांनी ही गरज लवकर ओळखली. इंटरनेटचे जाळे चालविणाऱ्या आफ्रिकी तंत्रज्ञांचे प्रशिक्षण-मेळावे २००० पासून भरू लागले. इंटरनेटचे क्रमांक-पत्ते वाटणारी खंडाची स्वतंत्र संस्था 'आफ्रिनिक' हिला २००५ मध्ये मान्यता मिळाली. तिचे कार्यालय मॉरिशसमध्ये आहे. पुढे ही संस्था न्यायालयीन वादांत गुरफटली, हे मात्र खेदाचे होय. विद्यापीठांना जोडणारी 'उबुंटुनेट' ही संघटनाही २००५ चीच. युरोपीय संघाच्या साहाय्याने २०११ पासून 'आफ्रिका-कनेक्ट' योजना सुरू झाल्यावर संशोधकांच्या या जाळ्यास बळ मिळाले.

१४ मार्च २०२४ रोजी आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ चार केबली निकामी झाल्या आणि पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचे व्यवहार विस्कळित झाले. दुरुस्तीस काही आठवडे लागले. अशा प्रसंगी विनिमय केंद्रातून होणारे देशांतर्गत संदेशवहन चालू राहू शकते. मात्र त्यासाठी माहितीही देशातच साठविलेली असावी लागते. आफ्रिकेतील पुष्कळशा देशांची माहिती अद्याप परदेशी संगणकांवरच साठविलेली आहे.